डोळा, डोया आणि चिनी अक्षर

लिपीविषयी आपल्याकडे शिकल्यासवरल्या माणसांतही दोन समजुती पक्क्या आहेत. पहिली अशी की, चिनी लिपी म्हणजे चित्रांची लिपी. एकेका वस्तूला एकेक चित्र, आणि अशी हजारो चित्रे पाठ करत बसणारे चिनी लोक बिचारे. दुसरी अशी की, आपली देवनागरी शास्त्रशुद्ध. जसे बोलावे तसे लिहावे, जसे लिहिले तसे वाचावे. पहिल्या समजुतीत कीव आहे, दुसरीत अभिमान आहे. दोन्ही चुकीच्या आहेत आणि दोन्ही एकाच मुळातून निघाल्या आहेत. लिपी एक तर वस्तूचे चित्र काढते नाही तर आवाजाचे, असे आपण धरून चाललो आहोत. प्रत्यक्षात कोणतीही टिकलेली लिपी यांपैकी एकच काम करत नाही. आवाज किती दाखवायचा आणि अर्थ किती, याची ती त्या समाजाने केलेली तडजोड असते. बुलडाणा जिल्ह्यातल्या माणसाला हे समजायला बीजिंगला जावे लागत नाही, राजूरचा घाट उतरला तरी पुरते. पण आधी चिनी अक्षराची बांधणी पाहू, म्हणजे घाटाखाली काय ऐकायचे ते कळेल.

त्यासाठी एक मराठी नाव घेऊ. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. पाच डॉक्टरांच्या त्या पथकात आपल्या विदर्भातले, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. पाचही जणांना चिनी नावे मिळाली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी ‘ह्वा’ हे अक्षर आले. ह्वा म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘ख दी-ह्वा’. नाव तीन अक्षरांचे, आणि चिनी लिपीचे जवळजवळ सगळे मर्म या तीन अक्षरांत सापडते.

पहिले अक्षर ‘ख’. त्याचे दोन भाग आहेत. डावीकडे झाडाचे चिन्ह आहे. उजवीकडे जे चिन्ह आहे ते सुटे लिहिले तर त्याचा अर्थ ‘चालेल, शक्य आहे’ असा होतो आणि उच्चार ‘ख’च्या जवळचा. या अक्षरात मात्र त्या अर्थाचा काही संबंध नाही, तो भाग केवळ आवाजासाठी बसवला आहे. डावीकडचे झाड सांगते की शब्द लाकडाच्या गोतावळ्यातला आहे. मूळ अर्थ फांदी, कुऱ्हाडीचा दांडा. दुसरे अक्षर ‘दी’. पुन्हा डावीकडे झाड, उजवीकडे आवाज सांगणारा भाग, आणि अर्थ एका जातीचे झाड. मात्र तो उजवा भाग आज सुटा वाचला तर ‘दी’ नव्हे, ‘ली’ होतो. म्हणजे आवाज सांगणारा भाग आवाज नेमका सांगत नाही, जवळपास नेऊन सोडतो. तिसरे अक्षर ‘ह्वा’. कोटणीसांच्या काळी ते बऱ्याच रेघांचे होते आणि त्याच्या मुळाशी फुललेल्या फुलाची कल्पना होती. १९५६ पासून चीनने अक्षरे सोपी करायला घेतली, तेव्हा ते जुने रूप गेले. नव्या रूपात वरच्या बाजूला ‘ह्वा’ असाच उच्चार असलेले, ‘बदल’ या अर्थाचे चिन्ह आले आणि खाली दहाच्या आकड्याचे चिन्ह. लिपी सोपी करणाऱ्यांनी फुलाचे रूप मोडले ते दुसरे चित्र काढण्यासाठी नव्हे, उच्चार सांगण्यासाठी.

म्हणजे कोटणीसांच्या नावात दोन झाडे आहेत, पण कोटणीसांचा झाडांशी काडीचा संबंध नाही. परक्या नावाचा आवाज पकडायचा होता म्हणून चिनी लोकांनी अर्थ बाजूला ठेवून आवाज उचलला, आणि शेवटच्या अक्षरात मात्र अर्थ जाणूनबुजून ठेवला. त्यांच्या मुलाचे नाव ‘यिन-ह्वा’. पहिले अक्षर भारताचे, दुसरे चीनचे. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी कोटणीस तिथेच वारले. तोवर ते चिनी शिकून चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शस्त्रक्रिया शिकवत होते. एका मराठी माणसाला तीन-चार वर्षांत हे साधले, यावरूनच कळावे की ही लिपी निव्वळ पाठांतराचा डोंगर नाही. तिला व्यवस्था आहे.

ती व्यवस्था चिनी विद्वानांनी फार लवकर ओळखली. इसवी सन १००च्या सुमारास शू शन या पंडिताने ९,३५३ अक्षरांचा कोश रचला, त्यांची ५४० गटांत मांडणी केली आणि अक्षरे बनण्याचे सहा प्रकार सांगितले. पहिला प्रकार चित्राचा: सूर्य, चंद्र, झाड, पाणी. दुसरा खुणेचा: झाडाच्या बुंध्यावर आडवी रेघ मारली की ‘मूळ’, शेंड्यावर मारली की ‘टोक’. तिसरा जोडणीचा: दोन झाडे मिळून वन, तीन झाडे मिळून घनदाट अरण्य, माणूस आणि झाड मिळून ‘विसावा’. आपल्याकडे चिनी लिपीवर जे काही छापून येते ते या तीन प्रकारांवरच थांबते, कारण ते मोहक आहेत. पण ही मोहक अक्षरे थोडी आहेत. खरा कारभार चौथ्या प्रकारावर चालतो. एक भाग अर्थाचा आणि एक भाग आवाजाचा, जसा ‘ख’मध्ये पाहिला. आजच्या चिनी अक्षरांत ऐंशी टक्क्यांहून अधिक अक्षरे या प्रकारची आहेत.

हा प्रकार समजायला घोड्याचे उदाहरण चांगले. घोडा म्हणजे ‘मा’. त्याच्या डावीकडे बाईचे चिन्ह लावले की आई, तीही ‘मा’, फक्त स्वराचा चढउतार वेगळा. तोंडाचे चिन्ह लावले की वाक्याच्या शेवटी येणारा प्रश्नार्थक ‘मा’. दगडाचे लावले की आकड्याच्या अर्थाचा ‘मा’. वर दोन तोंडे काढली की शिवी देणे, तेही ‘मा’. या कुटुंबात घोडा कुठेही धावत नाही, तो फक्त आवाज देतो. अर्थ सांगणारा भाग आडनावासारखा असतो: त्याने कूळ कळते, माणूस कळत नाही. पाण्याचे आडनाव असले की नदी, समुद्र, धुणे, स्वच्छ, असे काहीतरी ओले असणार. नेमके कोण, ते शेजारचा आवाजाचा भाग सांगतो. कोशातही अक्षर शोधायचे ते आधी या कुळावरून आणि मग उरलेल्या रेघा मोजून. १७१६ मध्ये पूर्ण झालेल्या खांगशी बादशहाच्या कोशात ४७,०३५ अक्षरे आहेत, पण कुळे फक्त २१४.

शू शनच्या यादीतला आणखी एक प्रकार आपल्या मुद्द्याला फार महत्त्वाचा आहे, तो उसनवारीचा. ‘येणे’ या क्रियेचे चित्र कसे काढणार? चिनी भाषेत ‘येणे’ आणि एका धान्याचे नाव यांचा आवाज सारखा होता. म्हणून त्या धान्याच्या रोपाचे चित्र ‘येणे’साठी उसने घेतले गेले आणि तिथेच राहिले. आन्यांग येथे सापडलेल्या, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या हाडांवरच्या आणि कासवाच्या कवचांवरच्या लेखांतही अशी उसनवारी आहे. चित्राने चित्र असणे सोडून दिले, तेव्हाच त्याची लिपी झाली. ही गोष्ट पाश्चात्त्यांनाही उशिरा समजली. लाइब्निझसारख्या तत्त्ववेत्त्याला चिनी अक्षरांत आवाजाशिवाय थेट विचार लिहिणारी लिपी दिसत होती. १८३८ मध्ये फिलाडेल्फियाच्या पीटर दु पाँसो यांनी ती कल्पना खोडून काढली, तरी ती अजून मरत नाही.

आता बांधणीची दुसरी बाजू. चिनी अक्षर एका रेघेचे असो की वीस रेघांचे, ते एकाच मापाच्या चौकोनात बसते. भाग डावी-उजवीकडे, वर-खाली किंवा एकाच्या पोटात दुसरा असे रचले जातात, आणि जागेप्रमाणे त्यांचे रूप बदलते. पाण्याचे चिन्ह डावीकडे आले की त्याचे तीन थेंब होतात, माणसाचे आले की ते अंग चोरून उभे राहते. हे वाचून मराठी माणसाने चकित होऊ नये, कारण आपण लहानपणी तेच शिकलो. ‘र’चे काय होते ते आठवावे. ‘कर्म’मध्ये तो डोक्यावर चढतो, ‘क्रम’मध्ये पायाशी तिरका होतो, ‘राष्ट्र’मध्ये त्याला दोन पाय फुटतात आणि ‘दऱ्या’मध्ये तो आडवा होऊन पुढच्या अक्षराला टेकतो. पहिली वेलांटी उच्चारताना नंतर येते आणि लिहिताना आधी. मात्रा वर, उकार खाली, काना उजवीकडे. देवनागरीही सरळ ओळीत आवाज मांडत नाही. तीही एकेक अक्षर चारी बाजूंनी रचते. खिळे जुळवण्याच्या काळात चिनी छापखान्यांना जी डोकेदुखी होती, तिची धाकटी बहीण मराठी छापखान्यांतही नांदत होती. सावरकरांनी सुचवलेली ‘अ’ची बाराखडी आणि १९५३च्या लखनौ परिषदेने सुचवलेली उजवीकडची ऱ्हस्व वेलांटी हे त्याच डोकेदुखीवरचे उपाय होते.

फरक आहे तो वेगळ्या ठिकाणी, आणि तो खरा मोठा आहे. देवनागरी अक्षराचे भाग आवाजाचेच असतात. चिनी अक्षरात अर्थालाही स्वतःची जागा आहे. ती का ठेवली गेली? कारण भाषेची गरज तशी होती. आजच्या प्रमाण चिनी भाषेत स्वरांचे चढउतार सोडले तर वेगवेगळे उच्चार सुमारे चारशेच, चढउतार धरून तेराशेच्या आसपास. शब्दांचे घटक बहुतेक एकेका उच्चाराचे. एका उच्चाराला दहा-वीस अर्थ सहज असतात. केवळ आवाज लिहिला तर वाचणारा गोंधळेल, म्हणून अर्थाचा भाग राहिला. मराठीत शब्दाला प्रत्यय लागतात, मधले स्वर बदलतात, म्हणून आपल्याला आवाजाचे तुकडे दाखवणारी लिपी मानवली. यात कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. पाय तसा जोडा.

चिनी लिपीने यातून आणखी एक गोष्ट साधली, आणि इथून आपण घाटाकडे वळू. ‘छन’ हे चीनमधले एक प्रसिद्ध आडनाव. हाँगकाँगच्या कँटनीज भाषेत तेच ‘चान’ होते आणि सिंगापुरातल्या होक्क्येन लोकांत ‘तान’. लिहायला अक्षर एकच. बोलताना ही माणसे एकमेकांना अनेकदा समजत नाहीत, पण पाटीवरचे आडनाव सगळे वाचतात. अक्षर इथे कुणाच्याही तोंडचा आवाज लिहीत नाही, सगळ्यांनी मान्य केलेली ओळख लिहिते.

आता बुलडाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्याकडे या. आपल्या जिल्ह्याचे घाटावरचे आणि घाटाखालचे हे दोन भाग पिकापाण्यात जसे वेगळे, तसे बोलण्यातही. वर सिंदखेडराजा, देऊळगाव राजाकडे जालन्याकडची बोली कानावर येते. खाली नांदुरा, शेगाव, जळगाव जामोदला वऱ्हाडी, आणि मलकापूरला तिच्यात खानदेशचे पाणी मिसळलेले. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. ‘ण’ही बहुतेक ‘न’ होतो, पाण्याचे ‘पानी’ होते. हाच डोळा ठाणे-रायगडच्या आगरी बोलीत ‘डोला’ होतो. आणि तिन्हीकडची मुले वहीत लिहितात ‘डोळा’. शेगावच्या मुलासाठी वहीतला ‘ळ’ त्याच्या घरातल्या आवाजाची खूण नाही. तो शब्द ओळखण्याची खूण आहे. छन, चान आणि तान यांचे जे नाते एका अक्षराशी आहे, तेच डोळा, डोया आणि डोला यांचे ‘ळ’शी आहे. आपण ज्याला परकी, अवघड लिपी म्हणून हसतो, तिचे काम आपल्या ‘ळ’ने वऱ्हाडात केव्हाच पत्करले आहे.

कुणी म्हणेल, हा बोलींचा दोष झाला, प्रमाण मराठी तर जशी लिहिली तशीच वाचली जाते. तेही खरे नाही. ‘जात’ हा शब्द ‘जातपात’मध्ये एका तऱ्हेने उच्चारतात आणि ‘तो जात आहे’मध्ये दुसऱ्या तऱ्हेने. ‘चार’ आकड्यातला ‘च’ वेगळा आणि ‘चाक’मधला वेगळा. देवनागरीत दोन्हींना एकच अक्षर. कोणता उच्चार करायचा हे आपल्याला अर्थ सांगतो, लिपी नव्हे. उलट ‘दिन’ आणि ‘दीन’ बोलताना सारखेच ऐकू येतात. एकात दिवस आणि दुसऱ्यात गरिबी आहे, हे फक्त वेलांटी सांगते. तिथे वेलांटीने आवाजाचे काम सोडून अर्थाचे काम धरले आहे. संस्कृतातून आलेल्या शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ संस्कृतासारखेच लिहावेत, हा नियम ऐकून लिहिता येत नाही. शब्दाचे कूळ माहीत असावे लागते. आणि ‘करतो’ लिहून आपण ‘कर्तो’ म्हणतो, ‘घर’ लिहून शेवटचा ‘अ’ गिळतो. वर्णमालेची कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ अशी मांडणी खरोखर अपूर्व आहे, तिचा अभिमान हवाच. पण ती वर्णमालेची शास्त्रीयता आहे. मराठी लेखन तिच्यावर उभे असले, तरी ते तिच्याइतके शास्त्रीय नाही आणि असण्याची गरजही नाही.

गरज नाही, याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत, शब्द सुटे करत नसत, संक्षेप सर्रास वापरत. तरी मराठ्यांचा सगळा कारभार, वतनांचे हिशेब, फौजेची पत्रे त्याच लिपीत चालली. कारण वाचणाऱ्याला मजकूर कशाबद्दल आहे ते ठाऊक असे आणि उरलेले तो अर्थाने भरून काढी. कागदावर जेवढे कमी, तेवढे वाचकाच्या डोक्यात जास्त. चिनी अक्षर याच्या दुसऱ्या टोकाला आहे: कागदावर जास्त, म्हणून ओळखायला ठळक आणि लिहायला जड. दोन्ही टोके एकाच तराजूची आहेत. महानुभावांची सकळ लिपी तर याहून पुढे गेली. लोणार आणि मेहकर ही लीळाचरित्रात येणारी आपल्या जिल्ह्यातली गावे. ज्या पंथाचे ते वाङ्मय, त्या पंथाने ओळखीच्याच अक्षरांची अदलाबदल करून ग्रंथ लिहिले. किल्ली ज्याच्याकडे, त्यालाच अर्थ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या खटपटीने हे वाङ्मय बाहेर आले, तोवर मराठीतला आद्य गद्यग्रंथ बाकीच्या मराठी माणसांना बंदच होता. त्या लिपीतही आवाजांची सगळी खूण जागच्या जागी होती. नव्हता तो फक्त करारात सामील करून घेतलेला वाचक. लिपी करारावर चालते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही.

आता उलट बाजूचे बोलणे ऐकले पाहिजे. देवनागरी शिकणे चिनी लिपी शिकण्याहून फार सोपे आहे, हे निर्विवाद. आपले मूल पहिली-दुसरीत अक्षरओळख संपवते. चिनी मूल प्राथमिक शाळा संपेपर्यंत तीन हजारांच्या घरात अक्षरे शिकत असते, आणि त्याच्याही शाळेची सुरुवात रोमन अक्षरांत उच्चार लिहिण्याच्या, १९५८ मध्ये मान्य झालेल्या पिनयिन पद्धतीने होते. चीनमध्येही अक्षरे मोडीत काढा म्हणणारे विद्वान विसाव्या शतकात होऊन गेले. मीही चिनी लिपीचा वकील नाही. शिकायला सोपे असणे हा लिपीचा मोठाच गुण आहे. पण तो एकच गुण नव्हे. चीनने १९७७ मध्ये अक्षरे आणखी सोपी करण्याची दुसरी योजना आणली. वाचकांच्या अंगवळणी ती पडली नाही आणि १९८६ मध्ये ती मागे घ्यावी लागली. लखनौची उजवीकडची वेलांटीही अशीच काही वर्षांत मावळली. छापायला सोपी आणि हिशेबाला सरळ असूनही वाचकाने ती घेतली नाही. लिपी मंडळाच्या ठरावाने बदलते ती थोडीशीच, कारण ती कोट्यवधी डोळ्यांच्या सवयीत वसलेली असते.

दुसरा आक्षेप याच्या अगदी उलट दिशेने येतो. लिपी करार असेल, तर वऱ्हाडात ‘डोया’च का लिहू नये? लिहावे, जिथे बोलीलाच बोलायचे आहे तिथे जरूर लिहावे. वऱ्हाडी कवी-कथाकार ते करतच आले आहेत, आणि कँटनीज लोकांनीही आपल्या खास शब्दांसाठी वेगळी अक्षरे घडवली आहेत. ‘आहे’च्या अक्षरातल्या पोटातल्या दोन रेघा काढून टाकून त्यांनी ‘नाही’ केले, हे त्यातले सर्वांत चतुर. पण सातबारा, पाठ्यपुस्तक, औषधाची चिठ्ठी यांना सगळ्या महाराष्ट्राने वाचायची एक खूण हवी. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांचा ‘शीळ’ हा संग्रह कोकणातल्या वाचकानेही त्याच नावाने मागवला पाहिजे. करार मोडा असे माझे म्हणणे नाही. करार हा करार आहे, तो निसर्गनियम नाही, एवढे कबूल करा.

हे कबूल केले की दोन गोष्टी बदलतात. पहिली शाळेतली. घाटाखालचे मूल ‘काया’ म्हणते तेव्हा ते चुकीचे बोलत नसते. त्याच्या बोलीचा तो नियम आहे, आणि तो नियम ‘काळा’इतकाच पक्का आहे. त्याला शिकवायचे आहे ते बोलणे सुधारायला नव्हे, तर आपण एका तऱ्हेने बोलतो आणि सगळ्यांसाठी दुसऱ्या तऱ्हेने लिहितो, हे समजायला. कँटनच्या मुलाला त्याचे शिक्षक ‘तुझा आवाज अशुद्ध’ असे सांगून अक्षर शिकवू लागले, तर ते हास्यास्पद ठरेल. आपण मात्र ‘जसे बोलावे तसे लिहावे’ हे सूत्र घेऊन बसतो आणि मूल जसे बोलते तसे लिहिते तेव्हा त्यावर लाल रेघ मारतो. सूत्र पाळल्याबद्दलची ही शिक्षा आहे. शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेले शुद्धलेखनाचे नियम शिकवावेत, नीट शिकवावेत. पण ते लेखनाचे नियम आहेत, जिभेचे नव्हेत, हे पहिल्याच तासाला सांगावे.

दुसरी गोष्ट सातपुड्याच्या पायथ्याची. आपल्या जळगाव जामोद तालुक्यात निहाली नावाची भाषा बोलली जाते. दोन-अडीच हजार माणसांची ही भाषा जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी निश्चितपणे जोडता आलेली नाही. ग्रीअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात तिची नोंद झाली, १९६२ मध्ये डच अभ्यासक कायपर यांनी तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, पुढे भारतीय अभ्यासकांनी तिचे व्याकरण मांडले. तिचा बराच शब्दसंग्रह कोरकू, मराठी आणि हिंदीतून आलेला आहे. तिला स्वतःची लिपी नाही. उद्या तिच्यात पुस्तके व्हायची असतील, तर सोयीची लिपी देवनागरीच, कारण मुले तीच शाळेत शिकतात. प्रश्न आहे तो कोणत्या अटीवर.

चीनच्या शेजाऱ्यांनी या प्रश्नाची उत्तरे शोधली आहेत. व्हिएतनामी लोकांनी चिनी अक्षरे घेतली, पण आपल्या शब्दांसाठी नवी घडवली. त्यांच्या भाषेत तीन म्हणजे ‘बा’. त्यांनी ‘बा’ आवाजाचे चिनी अक्षर आणि ‘तीन’ अर्थाचे चिनी अक्षर शेजारी बसवून एकच नवे अक्षर केले. लिपी उसनी होती, पण बांधणीचे तत्त्व त्यांनी समजून घेतले होते, म्हणून ती त्यांच्या कामाला आली. पुढे त्यांनी रोमन लिपी पत्करली, तो वेगळा इतिहास. दक्षिण चीनमधल्या च्वांग लोकांनीही शतकानुशतके अशीच अक्षरे घडवली. उसनी लिपी घेणारा समाज तिच्यावर हुकमत चालवू शकला, तरच ती त्याची होते.

निहालीच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. देवनागरीची सगळी वर्णमाला तिच्यावर लादायची नाही. तिच्यात जे आवाज नाहीत त्यांची अक्षरे गाळायची, जे स्वरभेद तिच्यात अर्थ बदलतात तेच लिहायचे, आणि मराठीतून आलेला शब्द निहाली माणूस जसा बोलतो तसा लिहायचा की मराठीसारखा, हे निहाली बोलणाऱ्यांनी ठरवायचे. तो शेवटचा निर्णय दिसायला बारीक, पण त्यातच सगळे आहे. मराठीने संस्कृत शब्दांबाबत जो निर्णय घेतला, त्याने शुद्धलेखन पिढ्यान्‌पिढ्या अवघड केले. तोच भार दोन हजार माणसांच्या भाषेवर टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही. जिल्ह्यातले शिक्षक, भाषा-अभ्यासक आणि जामोद परिसरातले निहाली बांधव यांनी एकत्र बसून ही लेखनपद्धती ठरवावी, आणि तिची पहिली पाठ्यपुस्तिका निहाली बोलणाऱ्या माणसाच्या नावावर निघावी.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या आनंदात ‘आमची लिपी जगातली सर्वांत शास्त्रशुद्ध’ हे वाक्य अनेक व्यासपीठांवरून ऐकू येते. मराठीला या वाक्याची गरज नाही. आपली लिपी सुंदर आहे, शिकायला सोपी आहे आणि तिने बारा कोसांवर बदलणाऱ्या बोलींना एकत्र वाचायला लावले आहे, एवढे मोठेपण तिला पुरेसे आहे. चिनी लिपीने हेच काम वेगळ्या रीतीने केले. शुद्धतेची फुशारकी सोडून लिपीकडे करार म्हणून पाहिले, तरच त्या करारात नांदुऱ्याच्या मुलाला आणि जामोदच्या निहाली आजीला बरोबरीने बसवता येईल. अभिजात म्हणवणाऱ्या भाषेकडून एवढी अपेक्षा करणे गैर नाही.